'मोबाइलचं व्यसन' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : "व्यसन दारूचं, तंबाखूचं. मग मोबाइलला किंवा गेमला तो शब्द लावणं चूक नाही का? आणि 'वर्तनव्यसन' (नशेच्या पदार्थाचं नव्हे, एखाद्या कृतीचंच व्यसन) हा शब्द बरोबर आहे का?"

चूक मुळीच नाही. आज व्यसन म्हटलं की बाटली आणि पुडी डोळ्यांपुढे येते, पण शब्दाचा जुना आवाका मोठा आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची अठरा व्यसनं दिली आहेत. त्यांतली दहा कामातून, म्हणजे वासनेतून, उपजणारी. त्या दहांत मद्य एकच. बाकी शिकार, फासे, दिवसा झोपणं, नाचगाणं, उगाच भटकणं असा मामला. म्हणजे पोटात काही न जाताही व्यसन लागतं, हे या शब्दाला आधीपासून ठाऊक होतं. संस्कृतात त्याचा आणखी एक अर्थ संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण राज्यावरच्या 'व्यसनां'चंच आहे.

वैद्यक तिथे बरंच उशिरा पोचलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराला दारू-अफूच्या पंगतीत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार २०१९मध्ये मंजूर झाला आणि २०२२पासून लागू झाला. त्यावर काही संशोधकांनी जाहीर आक्षेप घेतला : साध्या खेळण्यालाच आजार ठरवलं जाईल. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. नुसता मोबाइल किंवा समाजमाध्यमं त्या यादीत आजही स्वतंत्र विकार म्हणून नाहीत.

म्हणून शब्द जपून वापरावा. सुट्टीत पोरगं रात्री दोनपर्यंत गेम खेळलं, शाळा सुरू झाल्यावर वेळेवर उठून गेलं, तर तो नाद. रील बघितल्याशिवाय घास उतरत नाही, ती सवय. फार तर चटक. पण खेळावर ताबा उरला नाही, अभ्यास-मित्र-झोप सगळं त्याच्यामागे पडलं, नुकसान दिसत असूनही हात तिकडेच जातो, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तर 'व्यसन' म्हणायला हरकत नाही. वरच्या यादीतल्या खुणा याच आहेत. खेळता आलं नाही की जी ओढ लागते तिला आपल्याकडे 'तल्लफ' हा नेमका शब्द आहे. तंबाखूवाल्यांचा असला तरी इथे चपखल बसतो.

'वर्तनव्यसन' व्याकरणात बसतो, संशोधनाच्या मथळ्यात चालेल. कानाला मात्र तो 'वर्तनाचं व्यसन' असा लागतो, आणि वाचणारा अडखळतो. बोलताना-लिहिताना 'गेमचं व्यसन', 'जुगाराचं व्यसन' असं त्या गोष्टीचं नाव घ्यावं. आणि चौदा वर्षांच्या मुलाला 'व्यसनी' हे विशेषण कृपा करून चिकटवू नका; ते पुसता पुसत नाही. 'गेमच्या आहारी गेलाय' म्हणा. त्यात काळजीही येते आणि परतीची वाटही मोकळी राहते.