३१७४ काढला तर झेड/ओएसचे कन्सोल कशावर लावायचे?

आयबीएमच्या मेनफ्रेमवर झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टम चालते, पण तुमचे कन्सोल, म्हणजे ऑपरेटरचे स्क्रीन, अजून ३१७४ कंट्रोलरवर (टर्मिनल मशीनला जोडणाऱ्या जुन्या डब्यावर) कोॲक्स केबलने लावलेले आहेत, डिस्केट वाचताना तो आता कुरकुर करतोय आणि नवीन मशीन यायच्या आत पर्याय हवाय. माझं उत्तर आहे ओएसए-आयसीसी, म्हणजे मशीनच्याच ओएसए नेटवर्क कार्डातला कन्सोल कंट्रोलर. आम्ही ह्याच वाटेने गेलो, आणि वाटेत एकदा चांगलेच आपटलोही.

'टीएन३२७० (नेटवर्कवरून ३२७० टर्मिनल चालवायची पद्धत) वापरा की' असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांना विचारा, कुठला टीएन३२७०? झेड/ओएसचा स्वतःचा सर्व्हर टीसीपी/आयपी आणि व्हीटॅम (टर्मिनलचं नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) उठल्यावर चालतो. आयपीएलला, म्हणजे मशीन बूट होताना, निपचे (अगदी सुरुवातीच्या टप्प्याचे) मेसेज यायला लागतात तेव्हा ह्यातलं काहीच उठलेलं नसतं. 'आयईए१०१ए स्पेसिफाय सिस्टम पॅरामीटर्स' असं विचारून मशीन थांबलंय आणि उत्तर टाइप करायला स्क्रीनच नाही, अशी वेळ येईल. एसएमसीएस ह्या दुसऱ्या प्रकारच्या कन्सोलचंही तेच, तो व्हीटॅमवर अवलंबून असतो. रोजच्या कामाला चांगला, निपला निरुपयोगी.

३१७४ ची खरी किंमत इथेच होती. मशीनच्या लेखी तो चॅनेलवरचा (थेट आय/ओ जोडणीवरचा) लोकल नॉन-एसएनए कंट्रोलर, नेटवर्क स्टॅकशी त्याला देणंघेणं नाही. ओएसए-आयसीसी नेमकं तेच सोंग घेतं. ओएसए कार्डाच्या पोर्टाला ओएससी टाइपचा चिपिड (चॅनेलचा क्रमांक) दिला की कार्ड स्वतःच टीएन३२७०ई सर्व्हर होतं. बाहेरून पीसीवरचा इम्युलेटर (टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम) जोडा, आतून मशीनला साधं ३२७०-एक्स डिव्हाइस दिसतं. २००३ च्या झेड९९० मेनफ्रेमपासून ही सोय आहे, म्हणजे तुमच्या आत्ताच्या मशीनवरही बहुधा चालेल. एका चिपिडवर १२० सेशन मिळतात. झेड१३ च्या पिढीपासून टीएलएसही आहे, पण एन्क्रिप्टेड सेशन ४८ पर्यंतच. कन्सोलला तेवढे रग्गड झाले.

त्याआधीचा २०७४ हा कन्सोल कंट्रोलर कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. तो एस्कॉन ह्या जुन्या फायबर चॅनेलवरचा डबा आहे, आत ओएस/२ चालतं, आणि झेडईसी१२ पासून म्हणजे २०१२ नंतर मशीनला एस्कॉनच नाही. त्याहून जुने पॅरलल चॅनेल तर झेड९९० लाच गेले. प्रिझमसारखा फिकॉन-एस्कॉन कन्व्हर्टर (फिकॉन म्हणजे एस्कॉननंतरचा चॅनेल) लावून एस्कॉनवाला ३१७४ नव्या मशीनमागे जगवता येतो. पण मग कुरकुरणारी डिस्केट पुन्हा तुमच्याच पदरात.

मांडणी फार अवघड नाही. एचसीडीमध्ये (हार्डवेअरची मांडणी भरायच्या प्रोग्राममध्ये) ओएससी चिपिड, ओएससी कंट्रोल युनिट, खाली ३२७०-एक्स डिव्हाइस. ओएस कॉन्फिगरेशनमधल्या निप कन्सोलच्या यादीत त्या डिव्हाइसचे पत्ते घालायला विसरू नका; कन्सोलएक्सएक्स मेंबर (कन्सोलच्या सेटिंगची फाइल) सगळ्यांना आठवतो, ही यादी कुणालाच आठवत नाही. मग एचएमसीवरून (मशीन सांभाळायच्या वेगळ्या संगणकावरून) ओएसए ॲडव्हान्स्ड फॅसिलिटीजमध्ये जाऊन आयपी, पोर्ट आणि प्रत्येक सेशनला एलयू नाव (त्या टर्मिनलचं नाव) द्यायचं. तेच नाव इम्युलेटरमध्येही भरा, रिकामं सोडू नका. कुठल्या खिडकीला कुठला पत्ता मिळतो हे नक्की हवं. जोडणी झाली की पहिल्या स्क्रीनवर चिपिड आणि एलयू नाव येतं. त्याचा फोटो काढून टेबलावर चिकटवा. रात्री तीनला तोच उपयोगी पडतो. इम्युलेटर म्हणून आयबीएमचा पीकॉम चालेल, फुकटचा हवा असेल तर एक्स३२७०, विंडोजवर डब्ल्यूसी३२७०.

आता आपटलो ती गोष्ट. आम्ही शहाणपणा करून दोन वेगळ्या ओएसए कार्डांवर दोन ओएससी चिपिड घेतले. दोन्ही केबल मात्र एकाच स्विचमध्ये. नेटवर्कवाल्यांनी ठरल्या वेळी स्विच रीबूट केला आणि सगळ्या कन्सोल खिडक्या एका क्षणात गेल्या. मशीन मजेत चालू, आम्ही आंधळे. शेवटी एचएमसीवर ऑपरेटिंग सिस्टम मेसेजेस उघडून 'व्ही सीएन(*),ॲक्टिव्हेट' ही कमांड दिली, सिस्टम कन्सोल जागा झाला आणि जिवात जीव आला. स्विच परत आल्यावर कन्सोल एकेक करून ऑनलाइन केले. कोॲक्सच्या काळात आमच्या कन्सोलच्या वाटेत स्विच नव्हता, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा दोन कार्डं, दोन स्विच, आणि जमलं तर ऑपरेटरचे दोन पीसीही वेगवेगळ्या स्विचवर.

एचएमसीची वाट तेवढी सरावात ठेवा. झेड/ओएस २.१ पासून एचएमसीवरचा इंटिग्रेटेड ३२७० कन्सोलही झेड/ओएसला लावता येतो, एचएमसीएस नावाने. ओळीओळीने सरकणाऱ्या मेसेज खिडकीपेक्षा तो कितीतरी बरा. पण रोजचा कन्सोल म्हणून नको, अडीनडीला.

जुने कोॲक्स टर्मिनल फेकवत नसतील (माझेही फेकवले नाहीत, त्या कीबोर्डाची सर कशाला नाही), तर ओईसी नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे. तो ३१७४ ची जागा घेऊन टर्मिनल टीएन३२७० सर्व्हरला जोडतो. मात्र फक्त सीयूटी प्रकारचे टर्मिनल (ज्यांचं बहुतेक काम कंट्रोलरच करतो). हौसेला उत्तम, प्रॉडक्शनच्या कन्सोलला मी लावणार नाही.

आणि नव्या मशीनची वाट न बघता हे आत्ताच्या मशीनवर आधी उभं करा. ३१७४ लागलेलाच असू द्या, त्याचे पत्ते निपच्या यादीत शेवटी ढकला. पुढच्या दोन आयपीएलना आयईए१०१ए नव्या खिडकीत आला आणि तिथूनच उत्तर गेलं, की मग कोॲक्स उपटा.