आत्यांची फाईल कुठाय?

या महिन्यात शुगर आणि हार्टवरची पत्रं बरीच आली, त्यातली तीन घेतलीत. पहिल्याच पत्राने निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरात मामा (सासरे, वय ६६) आणि आत्या (सासूबाई, वय ६१) दोघांनाही शुगर आहे, मामांना १४ वर्षं झाली, आत्यांना ८. मामांचं दरवर्षी ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं होतं, त्यांची एवढी जाड फाईल आहे. आत्या म्हणतात माझी शुगर बारकी आहे, मला काय धाड भरलीय. पण गेले दोन महिने बघतोय, सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो तेव्हा मधेच कठड्याला हात लावून थांबतात आणि चपलेत खडा गेला म्हणतात. रोज कसा खडा जाईल? भाकरी थापताना पण दोन-तीन झाल्या की पाठीत भरून येतं, मग बाकीच्या मी थापतो. गॅसची गोळी चालू आहे. बायकांना हार्टचा त्रास नसतो असं मामांचं म्हणणं. खरं आहे का?
— एक सून, शिवाजी पेठ

उत्तर : (बाहेरगावच्या वाचकांनी 'मी थापतो' ही छपाईची चूक समजू नये, आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.)

आधी कामाचं. चालताना किंवा हात चालवताना भरून येतं आणि थांबलं की बरं वाटतं, हे गॅसचं लक्षण नाही हो, गॅसला तुम्ही चालताय का बसलाय याचं काही देणंघेणं नसतं. शुगरवाल्या बाईला असं होत असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते हार्टचंच धरायचं. तेव्हा याच आठवड्यात आत्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या, तोपर्यंत फिरणं बंद आणि भाकऱ्या तुम्हीच थापा. आणि बसल्या जागी तसं झालं, दरदरून घाम सुटला, दम लागला, मळमळलं, जबड्यात किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे दुखायला लागलं तर मामांची, मुलाची कुणाची वाट बघायची नाही, सरळ १०८ ला फोन. स्कूटरवर मागे बसवून न्यायचं नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतायचं नाही, रक्तातली ट्रोपोनिन टेस्ट (हार्टच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी) करतात आणि ती काही तासांनी परत करावी लागते, तेवढं थांबायचं.

आता मामांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, पण ते शुगर नसलेल्या बाईबद्दल. पाळी चालू असेपर्यंत बाईचं हार्ट पुरुषापेक्षा साधारण काही वर्षं मागे चालतं, म्हणजे तिला हा आजार उशिरा होतो. डायबेटीस आला की ही सवलत बरीचशी जाते, पाळी चालू असली तरी. हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकेत फ्रामिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या हार्टचा अभ्यास चाललाय, तिथे १९७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की डायबेटीसचा फटका बायकांना तुलनेने जास्त बसतो. मग २०१४ मध्ये ६४ अभ्यास एकत्र करून साडेआठ लाखांवर लोकांचा हिशोब केला, तर डायबेटीसमुळे हार्टच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका पुरुषांत २.१६ पट आणि बायकांत २.८२ पट निघाला. कुणाच्या तुलनेत, तर शुगर नसलेल्या पुरुषाच्या आणि शुगर नसलेल्या बाईच्या. हे लक्षात ठेवा, खालच्या पत्रात लागणार आहे.

असं का होतं याचं एकच कारण नाही, पण मला सगळ्यात पटतं ते पोटाच्या घेराचं. पुरुषाची चरबी आधीपासूनच पोटात, लिव्हरमध्ये साठते, त्यामुळे तो कमी वजनावरच शुगरमध्ये जातो. बाईची चरबी आधी मांड्या-कंबरेला जाते, तिथे ती फारसा त्रास देत नाही, आणि तिथली जागा भरली की मग पोटात. म्हणजे तिला शुगर होईपर्यंत तिने बरंच जास्त अंतर कापलेलं असतं. स्कॉटलंडच्या नोंदींमध्ये २०११ साली हे दिसलं, टाईप २ (म्हणजे मोठेपणी होणारी नेहमीची शुगर) निघाला त्या वेळी पुरुषांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सरासरी ३१.८ आणि बायकांचा ३३.७. आपल्याकडे याहून कमी वजनावर शुगर होते ते वेगळं. या सगळ्या प्रवासात बीपी, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वाढत राहतात, चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) उतरत राहतं, आणि रिपोर्टवर मात्र शुगर 'बॉर्डर'. आत्यांची शुगर ८ वर्षांची आहे हे खरं, पण तिच्या आधीची वर्षं कोण मोजणार?

यात एक गंमत बघा. मामांचं पोट सुटलं की पँट सांगते, बटण लागत नाही, मग शिंप्याकडे जावं लागतं आणि घरभर चर्चा होते. आत्या परकराची नाडी बोटभर सैल बांधतात, संपलं! त्यांनाही कळत नाही. म्हणून टेप घेऊन मोजा, आपल्या लोकांसाठी बाईला ८० सेंटीमीटर आणि पुरुषाला ९० ही हद्द धरतात. तसंच रिपोर्टमधलं एचडीएल बाईला ५० च्या वर पाहिजे, पुरुषाला ४० चालतं, त्यामुळे मामांच्या आकड्याशी आत्यांचा आकडा ताडून 'सेमच आहे की' म्हणू नका.

दुसरं कारण शरीराचं नाहीच, आपलं आहे. बायकांना कोलेस्टेरॉलची गोळी कमी वेळा लिहिली जाते, त्या दवाखान्यात उशिरा पोचतात, आणि आम्ही डॉक्टर लोकही चुकतो. माझंच सांगते. प्रॅक्टिस नवी होती, एक बाई नवऱ्याची फाईल घेऊन आल्या, अर्धा तास त्याचंच बोललो, त्या उठल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, जरा घशापर्यंत जळजळतंय, जिना चढलं की. मी उभ्या उभ्या अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी त्या आयसीयूत होत्या. वाचल्या, पण जिना हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

डॉक्टरांकडे गेल्यावर दोन गोष्टी विचारा. बायकांमध्ये ट्रेडमिल टेस्ट पुरुषांइतकी भरवशाची नसते, तर इको किंवा दुसरी कुठली टेस्ट लागेल का. आणि अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या तरी त्रास खोटा ठरत नाही, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार त्यात दिसत नाही आणि तो बायकांमध्ये, शुगरमध्ये जास्त आढळतो, तर त्याचं काय. 'काही नाही, टेन्शन आहे' हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे दाखवा.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, वय ४८, शुगर ६ वर्षं, तंबाखू आहे. मिसेसने मोबाईलवर वाचलं की शुगरमध्ये बायकांचं हार्ट जास्त धोक्यात. म्हणजे आपण तसे सेफ ना?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही भावा. पट वेगळी आणि संख्या वेगळी. समजा शुगर नसलेल्या १०० पुरुषांत १० जणांना अ‍ॅटॅक येतो आणि तेवढ्याच बायकांत ५ जणींना (आकडे समजुतीसाठी घेतलेत). शुगरने १० चे साधारण २२ होतील आणि ५ चे १४. बायकांची पट मोठी, पण पुढे कोण आहे? तुम्हीच, आणि वर तंबाखू.

आणखी एक, जे पुरुष बायकोसमोर विचारत नाहीत म्हणून इथे लिहिते. संबंधाच्या वेळी ताठरता येत नसेल तर नुसती लाजायची बाब म्हणून दाबू नका. तिथल्या रक्तवाहिन्या हार्टच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे खराबी आधी तिथे दिसते, हार्ट बरेचदा काही वर्षांनी. तेव्हा डॉक्टरला सांगा आणि हार्ट तपासून घ्या. मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रा) घेऊ नका, आणि घेतली असेल तर छातीत दुखल्यावर कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट (हार्टच्या दुखण्यावरची गोळी) ठेवायला आलं तर नको म्हणा आणि कारण सांगा, दोन्ही मिळून बीपी इतकं खाली जातं की जीवावर बेततं.

प्रश्न : वय ३१, बाळ ७ महिन्यांचं. गरोदरपणात शुगर निघाली होती, डिलिव्हरीनंतर नॉर्मल झाली म्हणून सगळं बंद केलं. आता साखरेऐवजी गूळ खाते. काही करायला हवं का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : हो. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाईप २ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळजवळ १० पट, असं २०२० मधल्या मोठ्या आढाव्यात आलंय, आणि हार्टचा धोकाही वाढलेला असतो, पण ही गोष्ट बाळाच्या बारशाबरोबर सगळे विसरतात. गूळ आपल्या कोल्हापूरचा असला तरी रक्तात गेल्यावर साखरच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती टेस्ट बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनीच व्हायला हवी होती, राहिली असेल तर आता करा. १४० च्या खाली आली तरी दर एक ते तीन वर्षांनी शुगर तपासा, बरोबर बीपी आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) पण. नवव्या महिन्यात बाळाला गोवरची लस द्यायला जालच, त्याच्या आत उरकून टाका.