चित्रकला यथातथा असेल तरी रंगवत बसल्याने डोकं शांत होतं का?

तुम्ही विचारलंय की दिवसभराच्या कामाने डोकं उठल्यावर रात्री मोठ्यांसाठीच्या रंगवायच्या वहीत रंग भरत बसलं तर खरंच बरं वाटतं का, आणि चित्रकला यथातथा असेल तर सुरुवात कशाने करावी. शेवटी तुम्ही एक वाक्य घातलंय, "घरचे म्हणतात, दुसऱ्याने काढलेल्या चित्रात रंग भरण्यात कसली आलीय कला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. हो, बरं वाटतं. आणि चित्रकला येत नसेल तर काहीही बिघडत नाही. मी लिहायला बसलेय ती त्या शेवटच्या वाक्यासाठी, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आमचे आप्पा कोल्हापुरात बोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुका आल्या की गावोगावच्या भिंती. फ्लेक्स यायच्या आधीचा काळ. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारून तो वाळला की आप्पा खडू चोळलेला दोरा आम्हा दोघा भावंडांना दोन टोकांना ताणून धरायला लावायचे. मधोमध चिमटीत उचलून टचकन सोडला की पत्र्यावर सरळसोट रेघ उमटायची. दोन रेघांच्या मध्ये खडूने अक्षरं आखायची आणि मग ऑइल पेंटने त्यांची कड मारायची. कड आप्पांची. अक्षराचं पोट भरायचं काम माझं आणि दादाचं.

दादाला ती शिक्षा वाटायची. त्याला कड मारायची घाई. मला पोट भरायलाच आवडायचं. रंग जाड राहिला तर ओघळ येतो, टर्पेंटाइन जास्त पडलं तर खालचा पांढरा डोकावतो. ब्रश कडेशी नेऊन नेमका थांबवायचा, तिथून परत आत यायचं. शाळेत कोण काय बोललं, गणिताच्या बाईंनी काय सुनावलं, ते सगळं त्या वेळात डोक्यातून निघून जायचं. ताण हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं, पण हात काय करतोय ते मला कळत होतं.

पुढे दादाला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली, तो जी. डी. आर्टला, म्हणजे चित्रकलेच्या पदविकेला गेला, चित्रकार झाला. चांगला चित्रकार आहे, त्याची निसर्गचित्रं बघताना माझा ऊर भरून येतो. मला सी ग्रेड मिळाली, मी बी.कॉम. केलं आणि बँकेत लागले. तेव्हापासून त्याचं ठरलेलं वाक्य, "मी काढणारा, ही भरणारी." पाहुण्यांसमोर हसत म्हणतो, पण म्हणतोच.

काही वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. आयसीयूत ठेवलं होतं. भेटायची वेळ सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ, तीही एकेकाने. बाकी सगळा वेळ बाहेर स्टीलच्या खुर्चीत. ज्यांनी त्या खुर्चीत दिवस काढलेत त्यांना मी काय सांगणार. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. मोबाइल हातात घेतला की "आता कसं आहे?" असे वीस नातेवाईक, आणि त्यांना उत्तरं देऊन झाली की आपलाच अंगठा झटक्याची माहिती शोधायला लागतो. एक वाचलं की पोटात गोळा, तो घालवायला दुसरं वाचायचं.

माझ्या पिशवीत मुलीची रंगवायची वही आणि अर्ध्या लांबीच्या बारा रंगांची पेटी राहून गेली होती. मोराचं पान उघडलं. मानेला आधी निळा, अगदी हलक्या हाताने, त्यावर हिरवा, त्यावर परत निळा. असे थर चढले की स्वस्तातल्या पेन्सिलीलासुद्धा मोराच्या मानेची ती चमक येते. मग पिसाऱ्यातले डोळे. मध्ये जांभळा, भोवती निळा, मग पिवळ्याची बारीक कड, बाहेर हिरवा. एक झाला की पुढचा. शार्पनरची सालपटं चहाच्या कागदी कपात टाकत होते. श्वास खाली आलाय हे मला बऱ्याच वेळाने जाणवलं.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही. रंगवताना कान मोकळे असतात. आयसीयूचं दार वाजलं, सिस्टरनी नाव पुकारलं, की मी पहिली उभी राहत होते. पुस्तक वाचायचं तर माणसाला आत शिरावं लागतं, गाणी ऐकायची तर कान द्यावे लागतात. रंगवायला हात आणि डोळे दिले की पुरतं. आप्पांवरचं माझं लक्ष क्षणभरही उडालं नव्हतं. फक्त ते लक्ष मला खात नव्हतं.

शेजारी कागलच्या एक बाई होत्या, त्यांचे मालक आत. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, एक पान मला बी द्या की." घागर घेतलेल्या बाईचं पान फाडून दिलं. शाळा सुटल्यापासून रंग हातात धरला नव्हता त्यांनी. लुगडं हिरवंच पाहिजे म्हणाल्या आणि नुसत्या काठाला त्यांनी सगळी संध्याकाळ लावली. आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही. गरजही नव्हती.

आणि मग पुण्याहून दादा आला. मला बघितलं, वही बघितली. "आप्पा आत आणि तू पोरांसारखी रंगवत बसलीयस?" वर आणखी, "रंगवायचंच असेल तर कोऱ्या कागदावर काहीतरी काढ. दुसऱ्याने आखून दिलेल्या रेघांत रंग भरायला डोकं कशाला लागतंय?"

तो घाबरलेला होता, मला कळत होतं. मी तिथे बोलले नाही, ती बोलायची जागा नव्हती. इथे बोलते. डोकं लागू नये म्हणूनच तर भरायचं, दादा. त्या खुर्चीत बसलेल्या माणसासमोर कोरा कागद ठेवणं हा जाच आहे. कोरा कागद विचारतो, काय काढतेस? आणि त्या वेळी डोक्यात एकच गोष्ट असते, तीच कागदावर येणार. आखलेली रेघ काहीच विचारत नाही. ती म्हणते, इथपर्यंत ये आणि थांब. आज हे पान निळं की हिरवं, एवढाच काय तो निर्णय, आणि तो चुकला तरी कुणाचं काही जात नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉक्स कॉलेजात करी आणि कॅसर या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, तो २००५ मध्ये छापून आला. आधी मुलांना आयुष्यातला सगळ्यात भीतीचा प्रसंग लिहायला लावला, म्हणजे अस्वस्थता वाढावी. मग काहींना मंडल, म्हणजे वर्तुळात आखलेली नक्षी, रंगवायला दिलं, काहींना साध्या आडव्या-उभ्या चौकड्या, आणि काहींना कोरा कागद देऊन हवं ते करा म्हटलं. वीस मिनिटांनी मंडलवाल्यांची आणि चौकडीवाल्यांची अस्वस्थता साधारण सारखीच उतरली होती, कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त. चौकड्या, लक्षात घ्या. म्हणजे आप्पांच्या पत्र्यावरच्या रेघाच. २०१२ मध्ये असाच अभ्यास पुन्हा झाला त्यात चौकडीपेक्षा मंडल सरस ठरलं, तेव्हा गोल आकाराचं काही असेलही. पण मॉलमध्ये मंडलाच्या वहीवर "ध्यान", "ऊर्जा", "चक्र" असलं छापून तिप्पट किंमत लावतात त्याला भुलू नका. मानसोपचारात मंडल आणलं ते कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने, आणि तो स्वतः आपल्या हाताने वर्तुळं काढत होता, विकत आणत नव्हता.

आणि दुसऱ्याच्या रेघेचं एवढंच वावडं असेल तर ठिपक्यांच्या रांगोळीचं काय करायचं? आमच्या आईने आयुष्यभर पुस्तकातल्या रांगोळ्या काढल्या. ठिपके मोजून, जोडून, मग चिमटीने रंग. दिवाळीत सगळी गल्ली तिची रांगोळी बघायला थांबायची. यात तुझं काय, असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. दादाने तर नाहीच.

आप्पा घरी आले तेव्हा उजवा हात साथ देत नव्हता, बोलणं अडखळत होतं. एका दुपारी त्यांनी वही मागितली. मोराचं पान उजेडाकडे धरायला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कड कुठं सोडली न्हाईस." ज्या माणसाने निम्म्या पेठेच्या पाट्या रंगवल्या त्याचं हे सर्टिफिकेट आहे, मला दुसऱ्या कुणाचं नको.

आता तुमच्या कामाचं. साधी रंगीत पेन्सिल घ्या, चोवीस रंग भरपूर झाले, पण पूर्ण लांबीची. स्केचपेन पातळ कागदावर मागे फुटतं आणि पुढचं पान वाया जातं. ऑइल पेस्टल बारीक जागेत फासतं, तळहात बरबटतो, चिडचिड होते. बाजारात मिळणाऱ्या मोठ्यांच्या वह्यांतली चित्रं इतकी बारीक असतात की चाळिशीनंतर डोळ्यांवर ताण येतो, तेव्हा सुरुवातीला सरळ मुलांची वही आणा, लाजू नका. रंग दाबून भरू नका. हात हलका, छोटे गोल फिरवत, थरावर थर. दाबलंत की मनगट दुखतं आणि कागद गुळगुळीत होऊन पुढचा थर घेत नाही. दिवा डावीकडून असावा, डावखुरे असाल तर उजवीकडून. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मोबाइलवर बोटाने टिचकी मारून रंग भरायची ॲप आहेत, ती मला पटत नाहीत. टिचकीत हात फिरतच नाही, आणि हात फिरल्याशिवाय काही होत नाही.

पूर्ण झालेलं पान स्टेटसवर टाकू नका. टाकायला लागलात की लोक छान म्हणायला लागतात, मग पुढचं पान छान व्हावं म्हणून तुम्ही रंगवायला लागता, आणि ज्या कटकटीतून सुटायला बसलात तीच परत समोर. पान अर्धं सोडून झोपलात तरी चालेल.

चित्रकला येत नाही याची भीती असेल तर आणखी एक सांगते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चारांपैकी साधारण तिघांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं होतं, आणि आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फरक पडला नव्हता.

दादावर अन्याय नको म्हणून हेही लिहिते. याच मंडळींनी २०१७ मध्ये रंग भरणं आणि कला-उपचारतज्ज्ञाच्या सोबतीने मोकळेपणी काही घडवणं यांची तुलना केली. ताण दोन्हींत उतरला, पण उत्साह आणि स्वतःवरचा विश्वास वाढला तो मोकळेपणी घडवणाऱ्यांचा. तेव्हा रंग भरण्याने माणूस चित्रकार होईल असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलंय डोकं शांत करण्याबद्दल, त्याला हे पुरतं. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, रडू आवरत नसेल, जगण्यात रस वाटत नसेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ते पेन्सिलीचं काम नाही.

घरच्यांना काय सांगायचं? त्यांना हे सांगा. जी. डी. आर्टच्या फाउंडेशनच्या वर्षात मुलांना डिझाइनच्या शीट असतात. चौकोन, पट्टे, त्रिकोण आखायचे आणि पोस्टर कलरने सपाट भरायचे, ब्रशचा एकही फटका दिसता कामा नये. दादा आखायचा भराभर आणि भरताना कंटाळायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री त्या शीट आमच्या माजघरात पसरलेल्या असायच्या, आणि त्यातले बरेचसे चौकोन मी भरलेत. एका शीटवर त्याच्या सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "रंग सपाट, उत्तम." ती शीट अजून दादाच्या पुण्याच्या घरी माळ्यावर आहे. दादा, तू हे वाचशीलच, काढून बघ.