पहिला कॅमेरा : बॉडीचं नंतर बघू, आधी लेन्सचं बोला

दसरा-दिवाळी जवळ आली की ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ हा प्रश्न ठरलेला. यंदा आलेल्यांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (कोल्हापूर, कॉलेजची विद्यार्थिनी) : बजेट बेताचं आहे. जुना डीएसएलआर घ्यावा का? फसवणूक कशी ओळखायची?

जरूर घ्या. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० हे २०१८ साली आलेले २४ मेगापिक्सेलचे कॅमेरे शिकायला आजही उत्तम आहेत. मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या धर्तीच्या कॅमेऱ्याची, हौस पुढे भागवता येईल. मात्र व्यवहार दिवसाउजेडी करा आणि कॅमेरा हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेन्स काढून तिच्या मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत द्या. मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६वर (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. त्यात दिसणारे राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची (फोटो टिपणाऱ्या आतल्या पट्टीवरची) धूळ. ती साफ होते, पण त्यासाठी भाव पाडून मागा. शटर किती वेळा पडलंय तेही विचारा. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) हा आकडा सापडतो, कॅननला बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर लाखभर क्लिकचं धरतात. पंधरा-वीस हजार झाले असतील तर डोळे झाकून घ्या. म्हणजे, टॉर्च मारून झाल्यावर.

प्रश्न (नाशिक) : माझ्याकडे डी३५०० आणि १८-५५ची किट (कॅमेऱ्यासोबत आलेली) लेन्स आहे. घरातले फोटो हलतात. पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं आहे. काका त्यांची जुनी ५० एमएम १.८डी देतायत. चालेल?

काकांची लेन्स काचेच्या बाबतीत झकास आहे. अडचण कॅमेऱ्याची आहे. ‘डी’ मालिकेच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते आणि डी३५००मध्ये ती नाही. त्यामुळे ऑटोफोकस विसरा. हाताने रिंग फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका स्थिर झाला की क्लिक. आणखी एक गोम : लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२वर, लॉक करा. नाहीतर कॅमेरा एरर दाखवून बसेल आणि तुम्हाला वाटेल काकांनी बिघडलेली लेन्स गळ्यात मारली.

फोटो हलण्याचं कारण साधं आहे. किट लेन्स ५५ला नेली की ती एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ला तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे शटरचा वेग १/२० सेकंद मिळत होता, तिथे १/२०० मिळेल, आणि पाळण्यातलं बाळ एवढ्यात पकडता येतं. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५०ची चौकट ७५ एमएमसारखी आवळते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ कपाटाला टेकली तरी पाळणा आणि आत्या एका फ्रेममध्ये मावायच्या नाहीत. पैसे घालणारच असाल तर निकॉनची ३५ एमएम १.८जी डीएक्स घ्या, तिच्यात मोटर आहे. तोवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००-३२०० करा, खिडकीचा पडदा सरकवा, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बाळाच्या तोंडावर मारू नका.

प्रश्न (अकोला) : एडिटिंगला लाइटरूमचे दरमहा पैसे जमत नाहीत. मित्र क्रॅक केलेलं देतोय. हळदीचे फोटो फार पिवळे येतात, ते कशात सुधारू?

मित्राला चहा पाजा, सॉफ्टवेअर घेऊ नका. त्याच्यासोबत व्हायरसही येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत. कॅनन डिजिटल फोटो प्रोफेशनल देतं, निकॉन एनएक्स स्टुडिओ देतं, तेही फुकट. नवशिक्याने कंपनीचंच आधी वापरावं, रंग ओळखीचे दिसतात. डार्कटेबल दमदार आहे, पण पहिल्या दिवशी त्याची मॉड्यूल्स बघून छातीत धडकी भरते. गिंप फोटोशॉपच्या जातीचं आहे, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, ते स्वतः उघडत नाही.

हळद रॉमध्येच काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६. केशरी मांडवाखालचा पिवळा रंग ओढून जागेवर आणायला त्या लागतात. व्हाइट बॅलन्सचा (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवण्याचा) ड्रॉपर नवरदेवाच्या सदऱ्यावर टेकवू नका. त्यावर हळद लागलेली असते, सॉफ्टवेअर तिलाच पांढरं समजतं आणि सगळं वऱ्हाड निळं पडतं. मागे उभ्या आजोबांची स्वच्छ टोपी शोधा. तरी किंचित पिवळेपणा ठेवाच, हळद आहे ती.

आणि स्क्रीनचा ब्राइटनेस आधी कमी करा. मी एकदा रात्री पूर्ण ब्राइटनेसवर अख्खा अल्बम केला आणि प्रिंट काळपट आल्या म्हणून लॅबवाल्याशी भांडलो. चूक माझी होती. प्रिंट दुसऱ्यांदा माझ्याच पैशांनी काढल्या.

प्रश्न (सावंतवाडी) : पावसाळ्यात लेन्स कशी ठेवू? तांदळाच्या डब्यात ठेवतात म्हणे.

तांदळाचा भुसा लेन्सच्या फटीत जातो, त्यापेक्षा तांदूळ भात करायला ठेवा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) एवढं पुरतं. काटा ४०-५० टक्क्यांत ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला किंवा मंद आचेवर वाळवा. चामडी कव्हर आणि बंद कपाट, दोन्ही टाळा.

प्रश्न (बारामती) : भिगवणला फ्लेमिंगोंसाठी ५५-२५० एमएमची लेन्स पुरेल? कार्ड १२८ जीबीचं घेऊ?

थवे टिपायला पुरेल, एकट्या पक्ष्याचा डोळा टिपायला नाही. शटर १/१०००च्या वर ठेवा. कार्ड १२८चं एक घेण्यापेक्षा ६४ची दोन, व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेली, पक्क्या बिलाने. ट्रायपॉड घरीच राहू द्या, तिथल्या होडीत पाय पसरायला जागा नसते.