लाडवाचा डबा घरीच ठेवा

प्रश्न: ताई, मी ग्वाल्हेरला लश्करमध्ये राहते. माझा धाकटा भाऊ एका पतसंस्थेत रोखपाल होता. हिशेबातल्या गोंधळावरून त्याला अटक झाली. अकरा दिवस झाले, तो बहोडापूरच्या सेंट्रल जेलमध्ये आहे. आमच्या घरातलं कोणी कधी ठाण्याची पायरी चढलेलं नाही. या आठवड्यात त्याला पहिल्यांदा भेटायला जायचंय. काय न्यावं, काय बोलावं, काही सुचत नाही. आई पंचाहत्तरची आहे, तीही ‘मी येणारच’ म्हणून हटून बसलीय. नेऊ का तिला? लोक काय म्हणतील ही धास्ती आहेच.

उत्तर: माझं माहेर दौलतगंजातलं, त्यामुळे तुमची गल्ली आणि तिथले कान दोन्ही मला ठाऊक आहेत. दुसऱ्या एका शहरात माझा दीर आत होता, तेव्हा पहिल्या भेटीला मी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते, भाऊबीजेला निघाल्यासारखी. डबा दारातच अडला आणि पूर्ण वेळ मी तो मांडीवर धरून बाकावर बसले. म्हणून सांगते, शिजवलेलं काही नेऊ नका. काय चालतं ते आधी मुलाकातीच्या खिडकीवर विचारा.

तुमचा भाऊ अजून कच्चा कैदी, तिकडच्या बोलीत हवालाती. गुन्हा शाबीत झालेला नाही, म्हणून तो घरचे कपडे घालू शकतो. दोन साधे जोड न्या, पायजम्याला नाडी नको, इलॅस्टिक बरं. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाती द्या, जेलचे डॉक्टर बघतील. भावाच्या हातात परस्पर काही सरकवायचं नाही, विडीसुद्धा. तो गुन्हा होतो, आणि भोगावं तुम्हालाही लागतं, त्यालाही. पैसे त्याच्या नावे जमा करता येतात का ते विचारा आणि पावती जपा.

आता नावाचं. खिडकीवर बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, ठाणं विचारतात. तुम्ही त्याला घरी बाळ म्हणत असाल, कागदावर मात्र वॉरंटवरचं नाव चालतं. आपल्या आडनावांचं हिंदीत काय होईल याचा नेम नाही. माझ्या दिराच्या आडनावातला ‘ळ’ कागदावर ‘ल’ झाला होता, तेवढ्यावरून अर्धा तास गेला. वकिलाकडून वॉरंटवरचं नाव जसंच्या तसं, गुन्ह्याचा नंबर आणि पुढची तारीख लिहून घ्या. स्वतःचं मूळ आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स घ्या. ‘ई-मुलाकात’ नावाच्या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी करता येते, भाच्याला बसवा त्या कामाला. मोबाइल घरीच ठेवा. झडती होईल, बायकांची बायकाच घेतात, त्यात मनाला लावून घेऊ नका.

लोकांचं म्हणाल तर एक ध्यानात असू द्या. घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा कैद्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं 1981 मध्येच फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सांगितलंय. तुम्ही तिथे उपकार मागायला चाललेला नाही. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. 1987 च्या विधी सेवा कायद्यात तसं कलम आहे. त्यासाठी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. बाहेर ‘मी जामीन करून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.

बोलायचं काय? ‘खरंच केलंस का रे’ हे तिथे विचारू नका. आजूबाजूला कान असतात, आणि उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला झोप येणार नाही. खटल्याचं वकिलाशी. मी दिराला पहिलं विचारलं, ‘जेवतोस ना?’ तो काही बोलेना. जाळीत दोन बोटं अडकवून उभा होता, नखं वाढलेली. मग एकदम म्हणाला, ‘वहिनी, टाकीची मोटर दुरुस्त झाली का?’ पुढची दहा मिनिटं आम्ही मोटरीवरच बोललो. वायरमननं किती घेतले, पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं. तेवढ्यात त्याचा आवाज ताळ्यावर आला. तुम्हीही घरातली अशी चार कामं तळहातावर लिहून न्या, ऐन वेळी डोकं रिकामं होतं. रडू आलं तर येऊ द्या, फक्त सगळी वेळ त्यात जायला नको.

आईला पहिल्या खेपेला नेऊ नका. ग्वाल्हेरचं ऊन आणि किती वेळ थांबावं लागेल याचा भरवसा नाही. आधी तुम्ही जाऊन रांग, बाक, पाणी, संडास बघून या, दुसऱ्या खेपेला न्या. त्यांना सांगा की पहिल्यांदा एकीलाच जमतंय. हे खोटं आहे, पण मी ते माझ्या डोक्यावर घेते.

बाहेर पडल्यावर लगेच घर गाठू नका. कुठेतरी चहा घ्या आणि तो काय काय म्हणाला ते कागदावर उतरवा. आई दारातच विचारतील, ‘वाळलाय का गं?’ खरं सांगा: वाळलाय, पण दाढी केली होती. किंवा केली नव्हती, जे असेल ते.