ख्रिस्ती श्रद्धा सुटली म्हणजे ती मुळात खरी नव्हतीच का?

तुम्ही कोणत्या पंथाला विचारता, त्यावर उत्तर ठरतं. 'खरी नव्हतीच' ही मुख्यतः कॅल्विनवादी (धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या विचारांच्या प्रोटेस्टंट पंथाची) भूमिका. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) ठरवलं की देवाने निवडलेला माणूस पडतो, भरकटतो, पण कायमचा गळत नाही. आधार बायबलमधल्या १ योहान २:१९ चा: ते आपल्यातून गेले, कारण ते आपले नव्हतेच. पण तिथे विषय ख्रिस्ताला नाकारणाऱ्या एका विशिष्ट गटाचा आहे. तो नियम प्रत्येक सोडून जाणाऱ्याला लावणं मला ओढूनताणून वाटतं.

उलट बाजूला बायबलमधलंच इब्री ६:४-६. ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, तेही पतित होऊ शकतात, असा तिथला इशारा आहे. कॅथलिक मत त्याच दिशेचं: कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की अविश्वासाने श्रद्धाच गमावता येते. जी गमावता येते, ती आधी असावीच लागते! मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही साधारण हेच मानतो.

चार्ल्स टेम्पलटन घ्या. कॅनडाचे गाजलेले ख्रिस्ती प्रचारक, प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहमचे सहकारी. १९५७ मध्ये त्यांनी श्रद्धा सोडल्याचं जाहीर केलं. ते आधी ढोंग करत होते असं म्हणायला पुरावा काय? 'सोडली म्हणजे खोटी होती' हा निकाल नेहमी मागाहूनच लावला जातो, त्यामुळे तो तपासताच येत नाही. शिवाय मग आज मनापासून प्रार्थना करणाऱ्यालाही आपली श्रद्धा खरी आहे याची खात्री मरेपर्यंत मिळणार नाही.