पीसीएफटी जेलच्या वेलमध्येच का अडकतं?

प्रश्न : बडोद्याला विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकते. पेशी फॉलेट (बी-९ जीवनसत्त्व) आत कसं घेतात हे पाहायला पीसीएफटी या वाहक प्रथिनाच्या सी-टोकाचं (शेवटच्या टोकाचं) पेप्टाइड, म्हणजे छोटा तुकडा, देऊन सशात त्याला चिकटणारी अँटीबॉडी करून घेतली. हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधण्याची चाचणी) ५० किलोडाल्टनजवळ, म्हणजे पीसीएफटीच्या अपेक्षित आकाराशी, काहीच नाही, वेलच्या (जेलमध्ये नमुना भरायच्या खाचेच्या) तळाशी मात्र काळा डाग. जिवंत पेशी रंगवल्या तर चमक नाही. अँटीबॉडी फुकट गेली का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : अँटीबॉडीला इतक्यात दोष देऊ नका. नमुना ९५ अंशांवर उकळलात ना? घोटाळा बहुधा तिथेच आहे. पीसीएफटी पेशीपटलातून बारा वेळा आरपार जातं. असं तेलकट प्रथिन उकळलं की रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घातलेल्या नमुना बफरमध्ये ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. (मे महिन्यात बडोद्यात टेबलावरही तेवढं तापतं, तरी हीट ब्लॉकच वापरा.)

मग बँड (प्रथिनाचा पट्टा) येईल, पण रुंद आणि पसरट. ५८ आणि ६८ क्रमांकाच्या अ‍ॅस्पॅराजिनवर साखरेच्या साखळ्या असतात, त्या सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात. थोडा नमुना पीएनगेज एफ हे साखळ्या कापणारं एन्झाइम घालून तासभर ३७ अंशांवर ठेवा. बँड खाली सरकून बारीक व्हायला हवा.

एवढ्यावर भागत नाही. पेप्टाइड मिसळून बँड घालवून दाखवण्याची पद्धत फार चालते, पण तिच्यावर आमचा भरवसा नाही : अँटीबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत असेल, तरी तो बँडही तसाच जातो. खरी कसोटी म्हणजे क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने पीसीएफटीचं जनुक मोडलेल्या हेला पेशी, शेजारच्याच लेनमध्ये. तिथे बँड राहिला तर तो पीसीएफटीचा नाही. सशाचं लस टोचण्याआधीचं सीरमही लावून पाहा.

जिवंत पेशी कोऱ्या राहणारच. या प्रथिनाची दोन्ही टोकं पेशीच्या आत असतात, अँटीबॉडी तिथे पोचणार कशी? पेशी जागीच पक्क्या करायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, मग पेशीपटलाला भोकं पाडायला ०.१ टक्का ट्रायटनमध्ये १० मिनिटं ठेवून रंगवा.

शिवाय अँटीबॉडी प्रथिन कुठे आहे ते सांगते, ते काम करतंय का ते नाही. त्यासाठी ट्रिशियमयुक्त (किरणोत्सारी खूण केलेलं) फॉलिक अ‍ॅसिड पीएच ५.५ ला, ३७ अंशांवर दोन मिनिटं द्या आणि लगेच बर्फगार बफरने धुवा. सोबत पीएच ७.४ चा संचही ठेवा. तिथे पीसीएफटी फारसं काम करत नाही.